डिकीवरची तिया सेनाइदा

आमच्या शेजारचा फिलाडेल्फिओ किंताना, म्हणजे आमचा फिलो, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. सकाळी बंद पडलेली बस दुपारी पोरं सुटायच्या आत रस्त्यावर आणतो, असा त्याचा लौकिक. घरची गाडी मात्र चौदा वर्षं सुरूच व्हायची होती. माणसानं परक्याचं काम आधी करावं म्हणतात, ते फिलोनं जरा जास्तच मनावर घेतलं.

गाडी त्याच्या वडिलांची, म्हणजे ओनेसिमोंची. सहासष्ट सालची बोनव्हिल, साडेअठरा फूट लांब. म्हातारा गेला आणि फिलोनं तिला कोंबड्यांच्या खुराड्यामागून ओढून गॅरेजात घातलं. मग कधी क्रोमची पट्टी मिळेना, कधी मिळालेली पट्टी दीड इंच आखूड. कुणी लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "आधी गाडी होऊ दे." मुली शहाण्या निघाल्या, कुणीच थांबली नाही.

थांबली ती एकटी त्याची आई. तिया सेनाइदा, सगळ्या गावाची मावशी, वय अठ्ठ्याहत्तर. ह्याच बोनव्हिलमधून ती नवरी होऊन आली होती. तिचं मागणं एवढंच, की एकदा ईस्टरच्या रविवारी तिला ह्या गाडीतून रिव्हरसाइड रस्त्यावरून फिरवावं. ईस्टरला आमच्या गावात, एस्पान्योलात, कुणी प्रार्थना चुकवली तर देव माफ करतो. रिव्हरसाइडवर गाडी आणली नाही तर गाव माफ करत नाही. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली हवी आणि वेग असा हवा, की शेजारून चाललेल्या कुत्र्याला कंटाळा यावा. फिलो दरवर्षी सांगायचा, "पुढच्या ईस्टरला नक्की, आई." पण यंदा तियाचे गुडघे पार गेले, आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी मुलगी तिला कायमची डेन्व्हरला घेऊन जाणार होती. पुढचा ईस्टर उरलाच नव्हता.

आणि काय सांगू, गाडी खरंच झाली! पिकल्या चेरीसारखा रंग, आत पांढऱ्या गाद्या. डिकीवर फिलोच्या मावसभावानं, ताविओनं, ओनेसिमोंचा तरुणपणचा चेहरा काढला होता. आमच्याकडे मेलेल्या माणसाचा चेहरा गाडीच्या डिकीवर काढतात; थडग्याइतकाच तो मान. पण बोनव्हिलची डिकी म्हणजे आठ माणसांचं जेवणाचं टेबल. म्हातारा एका कोपऱ्यात बिचारा वाटायला लागला. ताविओ म्हणाला, "डावीकडे फार मोकळं दिसतंय रे." फिलोनं आईवडिलांच्या लग्नाचा फोटो शोधून दिला. "आईला पण काढ. तिला सांगू नकोस, खूश होईल."

ताविओच्या हाताला एकच वळण, मेलेल्या माणसांचं. त्यानं तियाच्या गळ्याखाली ढग काढले, ढगांवर कबुतरं, शेजारी जोडलेले हात. ओनेसिमोंच्या नावाखाली जन्माचं आणि मरणाचं साल होतंच. तियाच्या नावाखाली त्यानं जन्मसाल लिहिलं, पुढे एक रेघ ओढली आणि जागा सोडली. मी कुंपणावरून विचारलं, "ही रेघ कशाला?" तर म्हणाला, "नंतर सोपं जातं, प्रिसी." काय ती दूरदृष्टी!

गुड फ्रायडेला सकाळी फिलोनं गाडी दारात उभी केली, डिकी रस्त्याकडे करून. त्या दिवशी चिमायोच्या देवळाकडे चालत जाणारे हजारो लोक आमच्याच दारावरून जातात. एवढी गर्दी वर्षातून एकदाच, मग मिरवायचं कधी? लोकांनी डिकी पाहिली, टोप्या काढल्या, छातीवर क्रूस काढला आणि पुढे गेले. रेघेपुढचा मोकळेपणा बघायला थांबतंय कोण?

दुपारपासून सांत्वनाच्या जेवणाची भांडी यायला लागली. उपासाचा दिवस, मांस वर्ज्य, म्हणून लाल मिरचीतली अंड्याची वडी, पालेभाजी आणि पानोचा, म्हणजे मोडाच्या गव्हाची खीर. दार उघडायला तिया स्वतः.

"अगं बाई!" पहिली आलेली बाई ओरडली आणि तिच्या हातातून सुटलेलं भांडं मीच झेललं.

"काय झालं? कोण गेलं?" तियानं विचारलं.

मागे जपमाळा घेतलेल्या सहा बायका, प्रार्थनेच्या पुस्तकात खूण घालून तयार.

"प्रिसी, तू सांग. तुझ्या पोटात काही राहत नाही."

"तिया, तुम्ही गेलात," मी म्हटलं.

"मला कुणी कळवलं नाही ते!"

काठी टेकत ती डिकीपाशी गेली. "ओनेसिमो छान आलाय. ही कोण?"

"तू, आई," फिलो म्हणाला. "लग्नातली."

"आणि ही रेघ?"

फिलोनं शेजारी उभ्या ताविओकडे पाहिलं. ताविओ आकाशाकडे बघत होता.

"मी ह्या गाडीत बसणार नाही," तिया म्हणाली. "माणूस एक तर डिकीवर असतो, नाही तर आत. दोन्हीकडे असलेलं मी कुणी बघितलेलं नाही."

"रविवारपुरती वर चादर टाकू," फिलो म्हणाला.

"मेल्यावरच टाकतात."

ताविओ फिलोला बाजूला घेऊन विनवत होता, "आठ महिने गेलेत रे माझे! वर वॉर्निशचे अकरा हात. जूनच्या गाड्यांच्या प्रदर्शनात पहिला नंबर तुझाच. म्हातारीची समजूत घाल." फिलो संध्याकाळपर्यंत गाडीभोवती फेऱ्या मारत होता. माझा अंदाज होता, की तो आईची समजूतच घालणार. चौदा वर्षांत त्या गाडीवर ताविओ सोडून कुणाला बोट टेकवू दिलं नव्हतं त्यानं. मी एकदा माशी हाकलली तर तीन दिवस बोलला नाही.

शनिवारी सकाळी घासायच्या मशीनचा आवाज आला. मी धावत कुंपणाशी. ढग गेले, कबुतरं गेली, जोडलेले हात गेले. आईच्या चेहऱ्याशी आल्यावर त्यानं मशीन बंद केलं आणि पॉलिश पेपर घेऊन हातानंच घासत बसला, हळूहळू, हनुवटीकडून वर.

"आता नंबर येणार नाही हं," मी म्हटलं. स्वभाव, दुसरं काय!

"प्रिसी, पाणी आण," तो म्हणाला. मी आणलं.

रविवारी डिकीवर डावीकडे प्रायमरचा राखाडी चौकोन होता आणि पुढच्या सीटवर, ओठ रंगवून, तिया. मागे मी, तिची काठी सांभाळत. रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्यांपैकी ज्यांनी शुक्रवारी टोप्या काढल्या होत्या, त्यांनी आज पुन्हा काढल्या. एक बाई तर किंचाळलीच.

पेट्रोलपंपाशी फिलोचे दोस्त उभे होते. "काय रे फिलो, गाडीला खरूज झाली का?"

तियानं काच खाली केली. "माझी जागा आहे ती. मला घाई नाही. तुला असेल तर सांग, तुला देते."

सिग्नलला गाडी थांबली. फिलोच्या मांडीवर एक डबी होती; तिचे खटके दाबले की चाकांवरचे पंप गाडी उचलतात आणि आपटतात. "हे काय आहे?" तियानं विचारलं.

"तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही, आई."

"गुडघे उद्या डेन्व्हरला जाणारेत. आज इथेच आहेत."

फिलोनं डबी तिच्या हातात दिली. बोनव्हिलचं नाक फूटभर वर गेलं आणि धाडकन खाली आलं. माझं डोकं छताला लागलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, आणि तिया म्हणाली, "थांब रे, अजून एकदा."