घरातल्या सगळ्यांनी, एकाच दिवशी

राज्य नवीन झालं तेव्हा यांची बदली भोपाळहून रायपूरला झाली आणि आम्ही तात्यापाऱ्यात सासऱ्यांच्या घरी राहायला आलो. शहरात भाड्याचं घर मिळणं कठीण होतं, त्यामुळे यांच्या ऑफिसातलं कोणी ना कोणी आमच्याकडे उतरलेलं असायचं. गाद्या-रजया कमी पडायच्या. आज पाहुण्याने घेतलेली रजई उद्या आमच्यापैकी कोणी अंगावर ओढायचं.

त्या हिवाळ्यात माझ्या मुलीला खाज सुटली. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आलं. शाळेतल्या मॅडमनी तिला घरी पाठवलं, तेव्हा मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हात उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "खुजली है. घर के सब लोग दवा लगाएँगे, एक ही दिन. जिसको खुजली नहीं है, वो भी." मलम गळ्यापासून तळपायापर्यंत लावून झोपायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा लावायचं. कपडे, चादरी गरम पाण्यातून काढायच्या.

सासरे रेल्वेतून रिटायर झालेले. टापटिपीचे इतके, की त्यांचा टॉवेल दुसऱ्याने धरलेला चालायचा नाही. मलम पाहून ते भडकले.

"मी दोन टाइम आंघोळ करतो. मले काहून लावता? घाणेरड्या लोकायले होते ते!"

सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "राहू दे. नाही ऐकत ते."

आम्ही बाकीच्यांनी लावलं. मुलीला बरं वाटलं, आणि महिन्याभराने बेचक्यांत पुन्हा तेच पुरळ. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोई छूट गया क्या?" सासऱ्यांबद्दल काय सांगायचं? मुलीनेच सांगून टाकलं, "आबाजी ने नहीं लगाया." ती रोज दुपारी त्यांच्याच रजईत झोपायची.

"तो फिर वहाँ सोना बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जब तक वो दवा न लगाएँ."

दुपारी सासऱ्यांनी नेहमीसारखी रजई उचलून तिला जागा केली. ती दारातच उभी राहिली.

"काहून? ये न."

"डॉक्टर ने मना किया है."

ते माझ्याकडे पाहायला लागले. त्यांनी रजई खाली केली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी चहाचा कप परत द्यायला ते स्वतः स्वयंपाकघरात आले आणि सासूबाईंना म्हणाले, "ते ट्यूब काढ."

सासूबाईंनी त्यांच्या हातातलं घड्याळ काढलं, तर पट्ट्याखाली खाजवून खाजवून चामडी सोललेली. कमरेशी तसंच.

"अजी, केव्हापासून आहे हे?"

"आहे काही दिवसांपासून," ते म्हणाले. "लोक काय म्हणतील? या वयात खरूज!"

सासूबाई रागावल्या नाहीत. मलम लावत राहिल्या. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच पुन्हा लावलं.

सकाळी अंगणात पाणी उकळलं. चादरी, उशांच्या खोळी, मुलीचा गणवेश, सासऱ्यांचे बनियन, सगळं त्यातून काढलं. रजया उन्हात टाकल्या. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की पांढऱ्या चादरींवर काळी भुकटी बसायची, म्हणून सासूबाई त्या झटकत फिरत होत्या.

शेजारच्या काकांनी भिंतीवरून विचारलं, "क्या भैया, आज सारा बिस्तर बाहर?"

मी घाईने म्हणणार होते की दिवाळीची सफाई राहून गेली होती. त्याआधी सासरेच बोलले, "खुजली हुई थी. सबको. मुझे भी."

काका मग भिंतीजवळ सरकून आवाज बारीक करून म्हणाले, "दवा का नाम बताना भैया. हमारे यहाँ बहू-बच्चे सब खुजा रहे हैं."

सासरे आत जाऊन ट्यूबचं रिकामं खोकं घेऊन आले आणि त्यांना समजावून सांगू लागले, गळ्यापासून तळपायापर्यंत, सगळ्यांनी, एकाच दिवशी. खाज आणखी दोन-तीन आठवडे राहिली आणि मग गेली. मुलगी पुन्हा दुपारी त्यांच्याजवळ झोपायला लागली.