तिची हरकत

मुलांनो, तुम्ही तिथे पुढच्या शिक्षणाचे विषय निवडता आहात, म्हणून आपल्या शेजारच्या मुलीबद्दल आत्ताच लिहिते. पाव जरा लहान दिसला तरी ती पाव विकणाऱ्या पोदेराला सायकलवरून उतरवून विचारते, "हें कोणें ठरयलें?" तिला राज्यशास्त्रात एम.ए. करायचं होतं. खनिजाचा ट्रक चालवणारे तिचे वडील म्हणत, "बी.एड. कर गो, नोकरी तरी मेळटली."

ग्रामसभेत शाळेसमोरून खनिजाचे ट्रक नेण्याचा ठराव आला. तिने एकटीने हरकत घेतली. लोक वडिलांकडे बघू लागले. ते सचिवांना म्हणाले, "नोंद करून घेयात मरे तिची." परतताना तिला एवढंच म्हणाले, "भर तुजो एम.ए.चो अर्ज."

ठराव झालाच; ट्रक आता शाळेसमोरूनच जातात. ती रोज डिचोलीच्या स्टँडवरून बस धरून एम.ए.ला जाते.