खरातमामांचा पत्रा

स्पर्धेचा पहिला सामना सुरू होण्याआधी खरातमामा मैदानाच्या फाटकावरचा पत्रा वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायचे. कुणी ऐकत असो वा नसो. जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर आयुष्य गेलेलं, आवाज घोगरा झालेला. पत्र्यावर दर वर्षाची एक ओळ, त्यांच्याच हातची: कोण जिंकलं, कोण हरलं, प्रायोजक कोण. संभाजीनगरात शिकणारी सुदानची पोरं खेळायला आली, त्या वर्षापासून आमचा फुटबॉल कप 'आंतरराष्ट्रीय' झाला. मामांनी तिथेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'परदेशी संघ एक, सुदान.'

तिसऱ्या ओळीत एका गुटखेवाल्याचं नाव होतं. मी तेव्हा कॉलेजात, गुटख्याविरुद्ध पत्रकं वाटत हिंडणारा. एका दुपारी टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन ते नाव पुसायला गेलो. मामांनी मनगट धरलं.

"काय करून राह्यला रे, पुढारी?"

"मामा, या माणसानं अर्ध्या गावाची तोंडं सडवली."

"मंग तसं लिही बाजूला. त्याच्यामुळं पोरायला पह्यल्यांदा बूट भेटले, हेबी खरंच हाये. पुसलं तर दोन्ही गेलं."

त्यांनी स्वतःच ब्रश घेतला आणि नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'धंदा : गुटखा'. मला ती तडजोड वाटली. बरेच दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

गेल्या वर्षी एका बियाणे कंपनीने मैदानाला हिरवळ देऊ केली. अट एकच: पहिल्या वर्षापासून कप त्यांच्याच नावाचा दाखवायचा. स्पर्धेची समिती कबूल झाली. कंपनीचा मॅनेजर मामांना म्हणाला, "काका, नुसती नावंच तर बदलायची आहेत."

"साहेब, त्या साली तुमी आल्ते का?"

"नाही, पण..."

"मंग कसं लिहू? तुमच्या सालात लिहितो की. मोठ्या अक्षरात लिहितो."

फाटकावर पहिल्या वर्षापासून कंपनीचंच नाव असलेला फ्लेक्स लागला. मामांनी पत्रा सायकलला बांधून घरी नेला. उद्घाटनाच्या दिवशी मात्र ते त्या फ्लेक्सपुढे उभे राहिले आणि जुन्या सगळ्या ओळी तोंडपाठ म्हणाले. आपल्या देशाचं नाव कानावर पडल्यावर सुदानचा गोलकीपर बूट बांधता बांधता थांबला.

थंडीत मामा गेले. पत्रा त्यांच्या मुलीने माझ्याकडे आणून दिला. शेवटची, कंपनीच्या सालाची ओळ कोरीच होती. कंपनीविरुद्ध चार पानांचं पत्रक मी लिहून ठेवलं होतं. ते बाजूला सारलं, ब्रश घेतला आणि कंपनीचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, फक्त त्यांच्या सालात. पुढे बारीक अक्षरात: 'हिरवळ दिली. जुनी नावं झाकली.'