आईच्या लक्झरीवर माझा पहारा

गेल्या फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास, अंबरनाथमधल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये माझ्या आईवर अन्याय झाला. अन्यायग्रस्त व्यक्तीचं नाव भारती, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व. अन्याय कुणी केला याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. त्या एकमतात मी नाही.

मुळात हे सगळं सुरू केलं माझ्या दादाने. तो पुण्याला असतो, त्यामुळे त्याला कल्पना पटापट सुचतात. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने आणि वहिनीने 'लक्झरी सिटी ब्रेक' भेट दिला. एक रात्र चांगल्या हॉटेलात मुक्काम, जेवणखाण, शॉपिंग आणि स्थानिक संस्कृती. शहर कुठलं, हा प्रश्न आला. आईने जयपूर नाकारलं, कारण लांब. महाबळेश्वर नाकारलं, कारण घाटात तिला उलट्या होतात. मुंबईही नाकारली, कारण रविवार आमच्याकडे पाण्याचा दिवस आणि टाकी कोण भरणार? शेवटी वहिनी वैतागली आणि तिने अंबरनाथ बुक केलं. म्हणजे बाबांनी ज्या गावातल्या कंपनीत आयुष्यभर ड्युटी केली, तिथेच त्यांनी आता चैन करायला जायचं होतं. रिक्षाने.

मला तेव्हाच संशय आला.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी ग्राहकांच्या हक्कांसाठी लढते. आमच्या मंचाची कात्रपमध्ये शाखा आहे (मीच) आणि आम्ही नियमित पत्रकं काढतो. त्यातलं सगळ्यात गाजलेलं पत्रक म्हणजे 'फुकटच्या सहलीपासून सावधान'. आमच्याच बिल्डिंगमधल्या तीन बायका अशा प्रकरणात फसल्या होत्या. कुठलातरी हॉलिडे क्लब तुम्हाला हॉटेलात बोलावतो. सरबत पाजतो. तुम्ही विवाहित आहात का, नवरा सोबत आहे का, हे विचारतो, कारण जोडपं असल्याशिवाय त्यांचं काम होत नाही. मग 'पाचच मिनिटं' म्हणून हॉलमध्ये नेतो, गोड खायला घालतो, दार लावतो आणि तुमची सही घेतो. त्यानंतर सहलही नाही आणि फोनही उचलत नाहीत.

दादा फोनवर शपथेवर सांगत होता की त्याने हे बुकिंग स्वतः केलंय, फुकट काहीच नाही. मी म्हटलं, फसलेला प्रत्येक माणूस असंच सांगतो. आणि शनिवारी सकाळी रिक्षात आई-बाबांच्या मधोमध जाऊन बसले.

हॉटेलात शिरताच एका मुलीने ट्रेमधून सरबत पुढे केलं. मी आईचा हात वरच्या वर धरला. मग ते सरबत मी हुंगलं, उजेडात धरलं, त्यात काय काय घातलंय ते विचारलं. कोकम, असं ती मुलगी म्हणाली. मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा कोकमच म्हणाली, पण या वेळी जरा घाबरून. दरम्यान बाबांनी तिन्ही ग्लास संपवले होते.

खोली बरी होती. पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते. ते मोडतील म्हणून आई पलंगावर बसेचना. ती बराच वेळ उभीच होती. शेवटी तिने ते हंस अलगद उचलून खुर्चीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाठ होणार नाही अशा बेताने बसली. मी तोवर पडद्यामागे, टीव्हीमागे आणि बाथरूममधल्या कमोडच्या झाकणाखाली पाहून घेतलं.

दुपारी शॉपिंगला उल्हासनगरला गेलो. आईला एक गुलाबी साडी घ्यायची होती. सोनिवलीत, तिच्या माहेरी, बायकांनी नेसलेली पाहून गेलं वर्षभर तिच्या डोक्यात बसलेली. तिथल्या कॅम्पातल्या एका दुकानाचे शेठ सिंधी आणि अगत्याचे. आधी पाणी, मग चहा, मग, "साईं, माल तो देखते रहेंगे, पहले आराम से बैठो." आई त्या पांढऱ्या गादीवर अशी काही बसली की दुकान तिचंच वाटावं. भाव करण्यात तिचा हात धरणारं कुणी बदलापुरात नाही. तिने साडी बाजूला सारली, तोंड वाकडं केलं, शेठ हळूहळू खाली येऊ लागले. नेमकं तेव्हाच मी विचारलं की बिल पक्कं देणार ना, आणि सुती म्हणताय तर सुताचा पुरावा काय. शेठनी साडीची घडी घातली. अगदी हळू घातली. आम्ही साडीशिवाय बाहेर पडलो आणि आई पूर्ण रस्ताभर माझ्याशी बोलली नाही.

मग संस्कृती. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात एक गृहस्थ आई-बाबांना कोरीवकाम समजावून सांगू लागले. छान सांगत होते. आई तल्लीन झाली होती. मी त्यांना ओळखपत्र मागितलं. ते गोंधळले. मी म्हटलं, विनापरवाना गाईड ही पर्यटकांची लूट आहे. ते म्हणाले की ते गाईड नाहीत, त्यांची बायको आत दर्शनाला गेलीय म्हणून थांबलेत. बायको बाहेर आल्यावर त्यांनी तिला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं आणि दोघं लांबच्या वाटेने निघून गेली.

हॉटेलात परतल्यावर आई हंसांसमोर बसली आणि पहिल्यांदा बोलली.

"बाय, मला सांग. आपल्या गावात कुनाचं बी लगीन असलं का मी कुठं असतं?"

मी म्हटलं, मागच्या अंगणात, भाकऱ्या करताना.

"तांदलाच्या भाकऱ्या. हलद असो, साखरपुडा असो, मी चुलीपाशी. पुढं खुर्च्या मांडल्यान, तिथं मी कधी बसली नाय. मला आज एक दिवस कुनीतरी 'या, बसा' म्हनावं आनि मी बसावं. येवढंच पायजे. तू मधी बोलू नको."

 बाबांनी एक हंस उचलून तिच्या जवळ ठेवला.

खरं सांगते, मला वाईट वाटलं. मी ठरवलं की आता मध्ये बोलायचं नाही. हा निश्चय लिफ्टपासून लॉबीपर्यंत टिकला.

लॉबीत एक बाई घाईघाईने आमच्याकडे आली. चमचमता ड्रेस, हातभर बांगड्या, फार गोड आवाज. तिने आईला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "आंटी, आप शादीशुदा हो ना? अंकल साथ में हैं?"

 शब्द न् शब्द माझ्या पत्रकातला! आई मात्र खुशीत सांगत सुटली की आजच वाढदिवस आहे लग्नाचा, हे काय, हे उभे आहेत. बाई टाळी वाजवून म्हणाली की मग तर फारच उत्तम, फक्त पाच मिनिटांचं काम आहे, हॉलमध्ये चला, तोंड गोड करून जा.

मी दोघांना दंडाला धरून खोलीत नेलं, बाहेर पडू नका म्हणून बजावलं आणि रिसेप्शनवर तक्रार द्यायला गेले. तिथल्या मुलाने माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि विचारलं की तक्रार नक्की कशाबद्दल आहे, कुणी गोड बोललं याबद्दल का. त्याच्याशी वाद घालून मी परत आले, तर खोली रिकामी. बाबांच्या चपलासुद्धा नव्हत्या.

मी हॉलकडे धावले. दार बंद. (एसीसाठी. हे मला नंतर कळलं.) दार ढकललं आणि आतलं दृश्य पाहून माझं रक्त उसळलं. शंभरेक माणसं नटूनथटून बसलेली. पुढे एका मोठ्या खुर्चीवर माझी आई, डोक्यावरून पदर. ती चमचमती बाई आईचा हात धरून होती आणि आईचं बोट लालभडक झालं होतं.

अंगठा! आईला चांगली सही येते, तरी हे लोक तिचा अंगठा घेत होते.

"थांबा!" मी ओरडले. सभेत बोलायची सवय असल्यामुळे माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. इथे तो किचनपर्यंत गेला. "रुक जाओ सब लोग. ये आदमी आप सबको फँसा रहा है."

आणि मी मधोमध उभ्या असलेल्या, सुटाबुटातल्या, सगळ्यात जास्त हसणाऱ्या तरुणाकडे बोट दाखवलं. तो हसायचा थांबला. त्याच्या शेजारी नटून बसलेल्या मुलीने आपला हात त्याच्या हातातून काढून घेतला.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगते, जी तेव्हा त्या हॉलमध्ये मी सोडून सगळ्यांना माहीत होती. तिथे मिश्री चालू होती. मिश्री म्हणजे सिंधी लोकांचा साखरपुडा. खडीसाखरेने भरलेल्या मडक्यावर सात सवाष्णी कुंकवाने गणपती काढतात. सहा जमल्या होत्या, सातवी मामी कल्याणला ट्रॅफिकमध्ये अडकली होती आणि भटजी घड्याळ बघत होते. म्हणून नवरीची काकू सवाष्ण शोधत लॉबीत आली होती. मी ज्याच्याकडे बोट दाखवलं तो नवरदेव.

एक पोक्त गृहस्थ, म्हणजे नवरीचे वडील, सावकाश उठले. त्यांनी मला विचारलं, "बेटी, तुम इसको जानती हो?"

"ऐसे सबको जानती हूँ. पहले मीठा बोलते हैं, बाद में फोन नहीं उठाते."

नवरदेवाची आई मटकन खाली बसली. नवरदेव घाम पुसत म्हणाला की त्याने मला आयुष्यात आज पहिल्यांदा पाहिलंय. मी सभेकडे वळून म्हटलं की पकडले गेल्यावर हे लोक असंच म्हणतात. एका म्हाताऱ्या आजीने मोठ्याने देवाचं नाव घेतलं.

"और लड़कियाँ भी हैं?" नवरीने विचारलं. फार हळू आवाजात.

"बदलापूर में, सिर्फ हमारी बिल्डिंग में तीन," मी म्हटलं. "एक तो आजी है."

नवरीच्या वडिलांनी कोट काढला. दोन काका बाह्या सरसावून पुढे झाले. नवरदेव खुर्चीच्या मागे गेला. आणि मी, हे सांगताना आजही माझ्या कानाच्या पाळ्या तापतात, मनात म्हणत होते की अखेर जनता जागी झाली.

तेवढ्यात आई उठली. लाल बोट साडीला लागू नये म्हणून तिने ते वर धरलं होतं, त्यामुळे ती कुणाला तरी तंबी देतेय असं वाटत होतं. ती तिच्या हिंदीत बोलली, पण बोलली ठणठणीत.

"शेठ, ये मेरी पोरगी हाय. इसका आपके पोरगे के साथ कुछ नाय. इसका किसी के बी साथ कुछ नाय. कितने ठिकान दिखाए हमने, एक बी टिका नाय. ये हर पोरगे को पूछती, तुम्हारा पगार का पुरावा दिखाव. चक्कर असता ना शेठ, तर मीच पेढे वाटले असते."

 नवरदेवाच्या आईने डोळे पुसले, ती उठली आणि तिने माझ्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली. खादीचा कुर्ता, खांद्याला कापडी पिशवी, पायात फ्लोटर्स. मग ती आपल्या मुलाकडे बघून ठामपणे म्हणाली, "नहीं. ये नहीं हो सकता."

अख्ख्या हॉलने सुटकेचा श्वास सोडला. इतक्या माणसांना एका क्षणात एखादी गोष्ट पटलेली मी आमच्या एकाही सभेत पाहिलेली नाही.

आई मात्र परत खुर्चीवर गेली नाही. ती माझ्याकडे आली, चेहरा उतरलेला. तिने फक्त, "चल," म्हटलं. बाबाही मागच्या रांगेतून, हातातली प्लेट तशीच ठेवून निघाले. आम्ही दारापाशी पोहोचलो आणि मला पहिल्यांदा नीट दिसलं की त्या पुढच्या खुर्चीवर नक्षीची उशी होती आणि आई तिच्यावर जेमतेम टेकली होती.

नवरी उठून आली. लेहंगा दोन्ही हातांनी सावरत, टाचा खाडखाड वाजवत. तिने आईचं मनगट पकडलं.

"आंटी, गणपती आधा रह गया है," ती म्हणाली. "आप बैठो, तभी मैं बैठूँगी."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. आई परत गेली, उशीवर नीट, मागे टेकून बसली आणि तिने सोंड काढली. सातही बायकांत तिची सोंड सगळ्यात देखणी होती, तांदळाच्या भाकरीवर फिरून फिरून हात बसलेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बसवलं, त्या देवाचं नाव घेणाऱ्या आजीशेजारी. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. एका हाताने धरून ठेवायच्या, दुसऱ्याने तोंडात खडीसाखर कोंबायच्या. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. जेवायला वाढल्यावर आईने सिंधी कढी दोनदा मागून घेतली. बसल्या जागी.

आता लग्नाची पत्रिका आली आहे. तिच्यावर आईचं आणि बाबांचं नाव आहे, 'सहकुटुंब' लिहिलेलं नाही. साडी नवरीच्या काकूने आईला परस्पर घेऊन दिली, त्याच दुकानातून, बहुधा बिलाशिवाय. इथपर्यंत मी सहन केलं. पण काल सकाळी उठून पाहते तर आई-बाबा घरात नाहीत. पाण्याचा दिवस असून नाहीत. टाकीवर चिठ्ठीही नाही. दादाला फोन केला तर म्हणतो, दुसरा सिटी ब्रेक आहे, कुठला ते सांगू नकोस अशी आईची सक्त ताकीद आहे. काकू फोन उचलत नाही. वहिनी फक्त हसते.

ही एका जागरूक नागरिकापासून माहिती दडवून ठेवण्याची उघड मोहीम आहे. म्हणून ही आठवण वाचणाऱ्या प्रत्येकाकडे माझी थेट मागणी आहे. आज, आत्ता, तुम्ही ज्या हॉटेलात असाल तिथल्या लॉबीत एक नजर टाका. गुलाबी साडीतली, खुशीत असलेली बाई आणि दुसऱ्याचं सरबत पिणारे गृहस्थ दिसले, तर मला ताबडतोब कळवा. मी मध्ये बोलणार नाही. मी फक्त खांबामागे उभी राहीन.