तळ्यावरून गेलेली रेघ

वाचकांनी पाठवलेले असे अनुभव मी काही वर्षं संपादित केले आहेत. पुण्यातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ते काम माझ्याकडे होतं. जवळजवळ प्रत्येक पत्र ‘माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता’ असं सुरू व्हायचं आणि मी ते वाक्य आधी कापायचे. आज ते स्वतःसाठी लिहावंसं वाटतंय... म्हणून लिहीत नाही. वाचकांनी ते गृहीत धरावं.

लग्नानंतर मी बंगळुरूला आले. आता एका मराठी वेबसाइटसाठी फोन, इअरफोन, घड्याळं यांची परीक्षणं लिहिते. माझा नवरा निखिल याचं ऑफिस बेळ्ळंदूरला, आमचा फ्लॅटही तिथेच. सासरे — अप्पा — जे. पी. नगरमधल्या जुन्या घरात एकटे राहतात. एका सरकारी कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागातून ते निवृत्त झाले. तयार भागांची मापं तपासणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

त्या दिवसांत घरात एकच विषय होता. अप्पा चष्मा दुरुस्त करायला बंगळुरूतल्याच शिवाजीनगरला गेले आणि संध्याकाळ झाली तरी परतले नाहीत. परत आल्यावर म्हणाले, बस चुकली. निखिलला ते पटलं नाही. वडील विसरायला लागले आहेत, असं त्याचं मत झालं. त्यांना बेळ्ळंदूरला आणायचं, सांभाळायला कुणी ठेवायचं आणि एकटं बाहेर सोडायचं नाही, असं त्याने जवळपास ठरवलं होतं.

“तुमच्या टॉवरमध्ये मी काय करू?” अप्पा म्हणाले. “लिफ्टनं वर, लिफ्टनं खाली. एवढंच वॉकिंग!”

त्याच सुमारास माझ्याकडे परीक्षणासाठी एक फिटनेस घड्याळ आलं. ज्येष्ठांना ते वापरता येतं का, हेही लिहायचं होतं. निखिल म्हणाला, “अप्पांना घाल. तुझंही काम होईल आणि ते कुठे जातात तेही कळेल.” अप्पांना दोन्ही कारणं सांगितली. ते कानडी सवयीने म्हणाले, “सरी, बरं. तपासा.”

घड्याळ चांगलं होतं. हलकं, चार्जिंग पुष्कळ टिकणारं, भर उन्हातही आकडे दिसणारं. नाडीचे ठोके दवाखान्यातल्या यंत्राशी जुळत होते. दोषही होते. पट्ट्याखाली घाम साचून मनगट लाल व्हायचं. मराठीतला मेसेज आला की जोडाक्षरं तुटायची. अप्पा खुर्चीत पेपर वाचत बसले की घड्याळाला वाटायचं ते झोपले आहेत, आणि उठले की ते त्यांचं अभिनंदन करायचं. “उठलो म्हणून शाबासकी देणारं हे पहिलंच,” अप्पा म्हणाले. “तुझ्या सासूनं कधी दिली नाही.”

चालण्याचा मार्ग नोंदवून तो आमच्या फोनवर दाखवणं हे या घड्याळाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. दोन-तीन दिवसांनी निखिलने ऑफिसातून फोन केला.

“मेधा, अप्पांचा मॅप बघ. आत्ताच्या आत्ता.”

अप्पा रोज सकाळी घराजवळच्या तळ्याला एक फेरी मारतात. तळ्याभोवती ट्रॅक आहे आणि त्याच्या आतल्या बाजूने कुंपण. एका ठिकाणी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. तिथलं फाटक गणपती विसर्जनासाठी ठेवलेलं आहे, एरवी त्याची कडी नुसती अडकवलेली असते. पायऱ्यांपासून समोरच्या पंपहाऊसपर्यंत ट्रॅक मोठा वळसा घेतो. नकाशावर अप्पांची रेघ तो वळसा घेत नव्हती. पायऱ्यांशी ती ट्रॅक सोडत होती आणि पाण्यावरून सरळ पंपहाऊसला पोचत होती. रोज. घड्याळाने त्याची नोंद पोहणं म्हणून केली नव्हती, चालणं म्हणून केली होती. वेग एकसारखा, नाडी शांत.

“ते फाटक उघडून आत जातात,” निखिल म्हणाला. “काठाशी जात असतील, पुढची रेघ चुकली असेल. एक दिवस पाय घसरला म्हणजे?”

“चप्पल कोरडी असते त्यांची.”

“तू रोज बघतेस चप्पल?”

मी बघत नव्हते. त्याच दिवशी जे. पी. नगरला राहायला गेले.

नकाशा दाखवला तेव्हा अप्पांनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “माझा वळसा कापलाय यानं. एवढं चाललो ते मोजलंच नाही.” आणि हळू आवाजात विचारलं, “मी विसरतोय का गं? खरं सांग. तू पेपरवाली. बघशील तेवढंच सांग.”

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. नवं घड्याळ त्यांच्या हातात, माझं नेहमीचं जुनं माझ्या हातात. अप्पा पायऱ्यांशी थांबले नाहीत. फाटकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. पूर्ण वळसा आम्ही शेजारी-शेजारी चाललो. ते खांदेदुखीबद्दल बोलत होते. घरी येऊन दोन्ही नकाशे उघडले. माझी रेघ वळशावरून गेली होती, त्यांची पाण्यावरून.

मला बरं वाटलं, हे मान्य करते. दोष घड्याळात आहे, अप्पांमध्ये नाही. निखिलला तसं कळवलंही. पण अप्पांचं समाधान झालं नाही.

“असं नाही चालत. आमच्याकडे माप शंकेचं आलं की आधी यंत्राची अदलाबदल करायची. माझं तू घाल, तुझं मला दे. मग बोलू.”

“कशाला अप्पा? तुमच्याच बाजूनं निकाल लागलाय.”

“बाजू नको. माप पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली. नवं घड्याळ माझ्या हातात होतं, त्याची रेघ ट्रॅकवर आली — नीट, वळशासकट. माझं जुनं घड्याळ, जे मी वर्षभर वापरते आहे आणि जे कधी चुकलेलं नाही, अप्पांच्या हातात होतं. त्याची रेघ पाण्यावरून गेली.

म्हणजे दोष घड्याळात नव्हता.

आमच्या तांत्रिक विभागातल्या सहकाऱ्याला दोन्ही नोंदी पाठवल्या. उंच इमारतींवर आदळून सिग्नल चुकतो, असं तो म्हणाला. तळ्याभोवती उंच इमारत नाही. तसं असेल तर फक्त एकाच माणसाचा का चुकेल, यावर तो म्हणाला, “एकदा स्वतः येऊन बघतो.” अजून आलेला नाही. तळ्याची माहितीही विचारून घेतली. पाण्याच्या जागी पूर्वी रस्ता नव्हता. कुणी बुडाल्याचं शेजारच्या जुन्या रहिवाशांना आठवत नाही. अप्पांची तिथली खास आठवण नाही. “वॉकिंगला जातो, येतो. एवढंच,” ते म्हणाले.

अदलाबदलीचा निकाल अप्पांनी ऐकला. दुपारी त्यांनी कपाटातून प्रवासी बॅग काढून पलंगावर ठेवली. “निखिलला सांग, येतो मी बेळ्ळंदूरला.”

“का?”

“माप माझ्यातच चुकतंय ना.”

मी म्हटलं, उद्याचा एक दिवस द्या. का म्हटलं ते सांगता येणार नाही. पुढे काय तपासायचं हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी नवं घड्याळ पुन्हा त्यांच्या हातात, जुनं माझ्या. वळशाच्या मध्यावर पाइपसाठी ट्रॅक खणलेला होता. दगड, चिखल, वर टाकलेली फळी. मी अप्पांचा हात धरला. “स्वल्प हळू,” ते मलाच म्हणाले. खणलेला भाग संपला, तसा मी हात सोडला. त्यापुढे नेहमीसारखे पंपहाऊसवरून घरी आलो. माझ्या बुटांना चिखल लागला होता. तळ्याचा नाही, त्या खड्ड्याचा.

नकाशे उघडले. अप्पांची रेघ रोजच्यासारखी पाण्यावर. माझी रेघ वळशावर होती, पण सगळी नाही. खणलेला भाग जिथे सुरू होतो तिथे ती ट्रॅकवरून सुटली होती आणि तळ्याच्या मध्यावर, अप्पांच्या रेघेला चिकटून, थोडं अंतर गेली होती. खणलेला भाग जिथे संपतो तिथे परत ट्रॅकवर आली होती.

जिथे हात धरला, तिथपासून. जिथे सोडला, तिथपर्यंत.

संध्याकाळी निखिल आला. त्याने दोन्ही फोन शेजारी ठेवून नकाशे पाहिले, बोटांनी मोठे करून पाहिले.

“तू कुठे होतीस या वेळी?”

“ट्रॅकवर. फळीवर.”

“नक्की?”

“नक्की.”

“अप्पाही हेच सांगतात.”

“मग माझ्यासाठीही एक बाई ठेव सांभाळायला,” मी म्हटलं. “मलाही टॉवरमधून एकटीला सोडू नकोस.”

तो हसला नाही. अप्पा हसले... बऱ्याच दिवसांनी. निखिलने बॅग उचलून परत कपाटात ठेवली. त्यावर आमच्या घरात पुढे चर्चा झालेली नाही.

अप्पा जे. पी. नगरलाच आहेत. डॉक्टरांनी तपासलं, वयाच्या मानाने स्मरण ठीक आहे म्हणाले. घड्याळ कंपनीला परत गेलं. परीक्षणात मी मार्गनोंदणी गुणांमध्ये घातली आणि पुढे लिहिलं, ‘एका वापरणाऱ्याबाबत वेगळा अनुभव आला.’ संपादकाने ते वाक्य कापलं. मीही कापलं असतं.

हे कशामुळे झालं, मला माहीत नाही. जे पाहिलं ते वर लिहिलं आहे आणि नकाशात जे आहे तेही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, ते कळत नाही.

रविवारी मी तळ्यावर जाते. खड्डा आता बुजवला आहे, हात धरायची गरज उरलेली नाही. तरी त्या जागी आलं की अप्पा हात पुढे करतात. मी घड्याळ घरीच ठेवून आलेली असते. हात धरते. पायाखाली ट्रॅकच असतो — मी दर वेळी खाली बघते.