बॅटवर घातलेलं नाव

बेसबॉलची बॅट म्हणजे काय, हे सांगलीच्या नातेवाइकांना मी शेवटपर्यंत पटवू शकलो नाही. "मुसळ घेऊन कसलं रे खेळतोस?" असं आत्या फोनवर विचारायची आणि स्वतःच हसत सुटायची. माझं डोकं फिरायचं. खरं सांगायचं तर आमच्या शाळेत क्रिकेटच्या संघात शिरायला झुंबड होती आणि बेसबॉलला मुलं मिळत नव्हती, म्हणून मी तिकडे वळलो. पण पुढे तो खेळ मला मनापासून आवडला, आणि चांगला यायलाही लागला.

ही दोन हजार सालानंतरची, तांबरमच्या रेल्वे कॉलनीतली गोष्ट. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर आईला अनुकंपेवर त्यांच्याच ऑफिसात नोकरी मिळाली. गावी परत ये म्हणून सगळे मागे लागले होते, पण माझं शिक्षण मोडू नये म्हणून ती चेन्नईतच राहिली. तमिळ तिला भाजी घेण्यापुरतं यायचं. दिवसभर ऑफिसात तोंड मिटून बसायची आणि संध्याकाळी घरी आली की माझ्याशी भांडून घ्यायची, बहुतेक वेळा माझ्या खेळण्यावरूनच.

त्या वर्षी सोळा वर्षांखालच्या राज्य संघाची निवड होती. माझे मार्क बेताचेच. राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर चांगल्या कॉलेजात खेळाच्या कोट्यातून जागा मिळणार होती, नाहीतर अवघड होतं. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हतो. आमच्या पीटीच्या सरांनी आईला ऑफिसात गाठून प्रमाणपत्राचं आणि कोट्याचं समजावलं, तेव्हा कुठे ती विरघळली. इतकी, की सरांना सांगून तिनेच माझ्यासाठी ॲल्युमिनियमची नवी बॅट मागवली. शाळेच्या पोचे पडलेल्या बॅटींपुढे ती बॅट म्हणजे चैनच होती.

निवडीच्या सामन्याआधी बॅटींची तपासणी असायची. आदल्या दिवशी दुपारी पंचांनी एक लोखंडी कडं प्रत्येक बॅटवरून सरकवून पाहिलं. कडं अडलं तर बॅट जाड म्हणून बाद. लांबीच्या मानाने फार हलकी असली तरी बाद, पोचा असला, चीर असली तरी बाद. माझी बॅट सगळ्यांतून पार पडली आणि तिच्या दांड्यावर एक हिरवा कागद चिकटवला गेला. मी खुशीत घरी आलो आणि दमून झोपलो.

उठलो तर आई घरात नव्हती आणि बॅटही नव्हती. दिवेलागणीला ती टी. नगरच्या बाजारातून आली, केस विस्कटलेले, पण चेहरा खुललेला. वडील गेल्यापासून तिला इतकी खूश मी पाहिली नव्हती. तिने पिशवीतून बॅट काढून माझ्यापुढे धरली. बॅटच्या जाड भागावर नाव घातलेलं होतं. 'चि.' लिहून माझं नाव, खाली 'आईकडून'. भांड्यांच्या दुकानात ताटावाटीवर यंत्राच्या पेनाने नाव घालून देतात ना, तसं. तिथल्या माणसाला आपली अक्षरं येत नव्हती. तिने कागदावर लिहून दिलं आणि त्याने चित्र काढावं तसं ते उतरवलं, त्यामुळे सगळं जरा वाकडंतिकडं झालं होतं.

"चि. कशाला घातलंस? पोरं हसतील."

"हसू देत. एवढ्या पोरांत कुणी बदलून नेली म्हणजे?"

आमच्या घरात चमच्यापासून घागरीपर्यंत प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. तेव्हा यात काही वावगं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. तपासणी तर उरकलीच होती.

दुसऱ्या दिवशी सामन्यात मी अगदी मनासारखा फटका मारला. दुसऱ्या तळावरचा, म्हणजे बेसवरचा, आमचा गडी घरच्या तळावर पोचला आणि धाव मिळाली, मी दोन तळ गाठले. कडेला कडुनिंबाखाली आई डबा मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात समोरच्या संघाचे प्रशिक्षक मैदानात आले, जमिनीवर पडलेली माझी बॅट त्यांनी उचलली आणि पंचांच्या हातात दिली. पंचांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. आई लांबून ते बघत होती आणि हसत होती. तिला वाटलं, ते नाव वाचतायत.

मला बोलावलं गेलं. धातूच्या बॅटचा मूळ पृष्ठभाग कोरलेला, तासलेला किंवा घासलेला चालत नाही, असा नियम होता. पंच तसे भले होते. धाकट्या भावाला हाक मारावी तसं त्यांनी शांतपणे विचारलं, "तंबी, हे कुणी केलं?"

मी कडुनिंबाकडे पाहिलं नाही. "मीच," म्हटलं.

तपासणीनंतर खेळाडूने स्वतः बॅटीत फेरफार केला, म्हणून मी बाद, आमची धाव रद्द आणि उरलेल्या सामन्यातूनही मी बाहेर. सुईने ओरखडावं तेवढ्या त्या रेघा! त्यांनी चेंडू वीतभरही लांब गेला नसता. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पंचांवर राग नाही काढता येत, कारण कोणी काय हेतूने कोरलंय हे त्यांनी कसं ओळखायचं?

आईला मी सांगणार होतो की माझंच काहीतरी चुकलं. पण त्याआधीच ती सरांकडे गेली. सर वैतागलेले होते. तिला कळावं म्हणून त्यांनी सावकाश तमिळमध्ये, तळहातावर नखाने ओरखडे काढून दाखवत सगळं सांगितलं. ओरखडे चालत नाहीत, एवढं तिला नीट कळलं. डबा तसाच भरलेला परत आला. संघ जाहीर झाला तेव्हा त्यात मी नव्हतो.

पुढच्या रविवारी मी शिकवणीहून आलो तेव्हा आई स्वयंपाकघरात गोणपाटावर बसली होती. बॅट मांडीवर आडवी, हातात पॉलिश पेपर, बोटं काळी झालेली. नाव पार गेलं होतं. त्या जागी बॅट लखलखत होती आणि किंचित खोलगट झाली होती. तिने माझा अंगठा धरून त्या जागेवरून फिरवला.

"बघ, लागतंय का काही हाताला? आता घेतील ना पुढच्या वर्षी?"

"घेतील की," मी म्हटलं.

"थांब, कडेला अजून थोडं राहिलंय," असं म्हणून ती पुन्हा घासायला लागली.