चेंडू पूर्णेला, सर पालमला

खडूची धूळ आणि किस्से, दोन्ही कितीही झटकले तरी शिक्षकाच्या अंगावरून जात नाहीत. आमच्या पालमच्या शाळेतले निम्मे किस्से तर इंग्रजीच्या गायकवाड सरांचेच. सरांनी जन्मात बॅट धरली नाही, पण इंग्रजीत तोंड उघडलं की मैदानच सुरू!

*

एकदा तपासणीला साहेब आले. सरांच्या एकाच तासात 'हिट फॉर अ सिक्स', 'ऑन द बॅकफूट', 'सेव्ह्ड बाय द बेल' सगळं येऊन गेलं. साहेब खूश.

"सर, तुम्ही स्वतः काय खेळता?"

"खेळत न्हाई साहेब. वाक्यात उपयोग करतो!"

*

वरच्या ऑफिसातून एकच माहिती तिसऱ्यांदा मागवली, तीही नव्या तक्त्यात. सरांनी टेबलावर हात आपटला, "दे आर मूव्हिंग द गोलपोस्ट्स!"

हेडबाई तक्ता भरता भरता म्हणाल्या, "हलवू द्या सर. आपण कुठं गोल करायलोत!"

*

देशमुख बाईंच्या निरोप समारंभात सरांनी त्यांना 'सेकंड इनिंग'च्या शुभेच्छा दिल्या. बाई ताडकन उठल्या.

"सेकंड-बिकंड काही न्हाई! पहिल्या इनिंगला घर अन् शाळा, दोन्हीकडं मीच पळाले. आता मी पॅव्हेलियनमध्ये. चहा आणा!"

सगळ्यात जोरात टाळ्या बायकांनी वाजवल्या.

*

दिवाळीनंतर मात्र सर गप्प झाले. पूर्णेचे लोक त्यांच्या मुलीला, पल्लवीला बघून गेले होते. मुलगा रेल्वेत, माणसं साधी, आणि पल्लवीला मुलगा मनापासून आवडलेला. पाहुणे निघताना सरांनी मुलाच्या वडिलांना हात जोडले, "नाऊ द बॉल इज इन युवर कोर्ट!" म्हणजे आता निरोप तुमच्याकडून.

महिना झाला, निरोप नाही. आम्ही म्हणायचो, फोन तर करा. सर म्हणायचे, "मुलीचा बाप हाय मी. बॉल त्यांच्याकडं हाय." पल्लवी घरात बोलेनाशी झाली. सरांचा डबा भरलेलाच परत जायला लागला. फार वाईट वाटायचं बघून.

मग मध्यस्थाचा फोन आला. "तिकडचे म्हणायलेत, सरांना पसंत असतं तर त्यांनी कळवलं असतं. रविवारी दुसरी मुलगी बघायला जायलेत."

आमचे शिपाई दगडूमामा तरुणपणी कबड्डीत तालुका गाजवलेले. चहाचा कप सरांसमोर ठेवत म्हणाले, "सर, लहान तोंडी मोठा घास हाय, पण आमच्या खेळात बॉलच नसतो. दम धरून आपणच तिकडं जावं लागतं. गडी शिवायचा अन् माघारी येऊन रेषेला हात लावायचा."

सर उठले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पूर्णेची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे स्टाफरूमच्या दाराकडे डोळे लावून बसलेलो. सर आले. दाराशी थांबले, खाली वाकले, उंबऱ्याला हात लावला आणि आत आले.

दगडूमामांनी घंटा राहू दिली आणि पीटीची शिट्टी जोरात फुंकली!